मामीनं मोजलेले झटके

मामी,

लग्न ठरलं त्या दिवसापासून तू मला 'तुम्ही' म्हणायला लागलीस आणि मीही तुला. त्याआधी मी तुझा दत्तू होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंभार पिंपळगावला यायचो, तुझ्या मागंमागं अंगणवाडीत जायचो आणि खिचडीच्या पातेल्यात डोकवायचो. मग तुझ्या मनीषाशी माझं लग्न झालं आणि मामाच्या घरचा भाचा एका दिवसात जावईबापू झाला. तुझं चौदावं होऊन आज पाच दिवस झालेत. आता मी परत तुला 'तू' म्हणतो. राग मानू नको.

तुझ्या दहाव्याला पुष्कळ जण बोलले. तू किती वर्षं अंगणवाडी चालवलीस, किती लेकरं तुझ्या हाताखालून गेली, हे सगळं सांगून झालं. मला कुणीतरी म्हणालं, जावईबापू, दोन शब्द बोला. मी मान हलवली आणि बसून राहिलो. मला जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि त्याला सहा वर्षं होती. ती मी घालवली.

तन्वी पाच महिन्यांची होती तेव्हाचा तो रविवार तुला आठवत असेल. मनीषा बाळंतपणानंतर अजून तुझ्याकडंच होती. मी नवीन जालन्याच्या खोलीवरून दर रविवारी यायचो. सीड्स कंपनीच्या लॅबमध्ये आठवडाभर बियाणं उगवतंय का ते तपासायचं आणि रविवारी लेकीला बघायचं, असं माझं चाललं होतं. त्या दिवशी ती झोपून उठली. मी तिला मांडीवर घेतलं तर तिनं एकदम मान खाली घातली, दोन्ही हात पुढं फेकले, पाय पोटाशी घेतले आणि सैल झाली. चार-पाच सेकंदांनी परत तसंच. मग परत. मी हसलो. म्हणालो, "बघा, बापाला नमस्कार करून राह्यली." मामाही हसले. मनीषानं फोटो काढायला फोन शोधला.

तू हसली नाहीस. तू दारात सूप घेऊन उभी होतीस. सूप खाली ठेवलंस आणि येऊन माझ्यासमोर बसलीस. तुझे ओठ हलत होते. मला वाटलं तू देवाचं काही म्हणतीयेस.

"जावईबापू, नमस्कार एकदा करतंय लेकरू," तू म्हणालीस. "हे सोळा वेळा झालं. मोजलंय मी. अन् झाल्यावर रडती ती. हे काही बराबर न्हाई."

त्या आठवड्यात मनीषानं तन्वीला तालुक्याच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथं गॅस सांगितला, थेंब दिले. लेकरं दचकतात, पोट दुखलं की पाय ओढून घेतात, आपोआप जातं. मला तेवढं पुरेसं होतं. बीएस्सी झालेला माणूस मी. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय म्हणजे झालं. शेजारची एक म्हातारी दृष्ट काढून गेली. तू दृष्टही काढू दिलीस आणि थेंबही दिलेस, आणि शंकाही सोडली नाहीस.

तू मला दोनदा फोन केलास. दुसऱ्या फोनवर तुझा आवाज खाली गेला होता. म्हणालीस, झटके सोडा, दुसरंच सांगते. ती आता हसत न्हाई. मागल्या महिन्यात माझ्या बांगड्या वाजल्या की मान वळवायची. आता कानाशी वाजवल्या तरी भिंतीकडं बघत राहती. जे येत हुतं ते चाललंय तिचं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, मामी, प्रत्येक लेकरू वेगळं असतं, तुम्हीच सांगता ना आयांना. तुझंच वाक्य तुला परत दिलं. वर म्हणालो, डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं का? आपण थोडं थांबू.

तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. पण थांबली नाहीस.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मला ऑफिसात फोन आला. स्टेशनकडच्या एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातून बोलतोय, तुमची मुलगी इथं आहे, लगेच या. मला वाटलं काहीतरी भलतंच झालं. मोटारसायकल कशी चालवली आठवत नाही. तिथं पोचलो तर बाहेरच्या बाकावर मनीषा तन्वीला घेऊन बसलेली आणि शेजारी तू, डोक्यावरचा पदर नीट करत. सकाळच्या एसटीनं तुम्ही दोघी आल्या होत्या. माझ्या ऑफिसापासून दहा मिनिटांवर सकाळपासून बसल्या होत्या आणि मला कळवलं नव्हतं.

मी तिथंच, सगळ्या लोकांसमोर बोललो. आज ते लिहितानाही हात थांबतो.

"ही माझी लेक आहे मामी," मी म्हणालो. "तुमच्या अंगणवाडीतलं लेकरू न्हाई."

बाकावरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मनीषा रडायला लागली. तू उठलीस. तुझा चेहरा रागावलेला नव्हता, घाईत असल्यासारखा होता.

"तुमची लेक आहे म्हणून तर आणली," तू म्हणालीस. "आधी आत चला. डॉक्टर थांबलेत. मंग मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन."

आत डॉक्टरांच्या टेबलावर तुझा फोन होता. अंगणवाडीच्या कामासाठी सरकारकडून मिळालेला, ज्यात तू रोज लेकरांची वजनं भरायचीस. त्यात तू व्हिडिओ काढला होतास. तन्वी गोधडीवर, नुकती उठलेली. ती वाकते, हात फेकते, सैल होते, आणि मागून तुझा आवाज येतो. नऊ. दहा. अकरा. किती शांत आवाज होता तो मामी. लेकरांना अंक शिकवताना असायचा तसा.

डॉक्टरांनी मला तो दोनदा दाखवला. म्हणाले, ही आकडीच आहे, पण लोकांना पटत नाही, कारण यात तोंडाला फेस येत नाही, लेकरू बेशुद्ध पडत नाही. बघणाऱ्याला दचकल्यासारखं दिसतं. दवाखान्यात आणलं की नेमकं त्या वेळी काही होत नाही, मग गॅस म्हणून परत पाठवतात. या बाईंनी व्हिडिओ आणला नसता तर कदाचित मीही फसलो असतो. उद्या सकाळी संभाजीनगरला न्या, मेंदूच्या डॉक्टरांकडं. सोमवारपर्यंत थांबू नका.

मला काय बोलायचं ते मी तुला नंतर बोललोच नाही. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण जे बोललो होतो ते परतही घेतलं नाही.

संभाजीनगरला तन्वीच्या एवढ्याशा डोक्याला मलम लावून वायरी चिकटवल्या. तू तिला मांडीवर थोपटून झोपवलंस, कारण ती तपासणी झोपेतही करायची असते. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यावर रेघा दाखवल्या. या वयाच्या लेकराच्या रेघा एका लयीत चालतात, त्या म्हणाल्या. इथं सगळ्या गिरगोट्या होत्या, उंच, वेड्यावाकड्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं आणि मग साधं करून सांगितलं. हा आजार क्वचित होतो. झटका क्षणभराचा दिसतो, पण दोन झटक्यांच्या मधल्या वेळातही मेंदूत हाच गोंधळ चालू असतो. त्या गोंधळात लेकरू शिकलेलं विसरतं आणि नवीन शिकू शकत नाही. म्हणून आधी हा गोंधळ बंद करायचा, आजपासूनच.

कांडीसारख्या दिव्याखाली तिची कातडी तपासली, कुठं पांढरे डाग आहेत का ते बघितलं. एमआरआय झाला. बाळंतपणात लेकरू उशिरा रडलं होतं का, ते विचारलं. आणि मग त्यांनी लिहितालिहिता मान वर न करता विचारलं, लग्न नात्यात झालंय का?

मनीषा म्हणाली, हो, हे माझ्या आत्याचे. मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली बघत होतीस, तुझ्या चपलेकडं. ही सोयरीक तू जमवली होतीस. माझ्या आईला तूच म्हणाली होतीस, माझी पोरगी परक्यात कशाला देऊ, माझा दत्तू हाय की.

बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मला रडू आवरेना. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास.

"रडू नको दत्तू," तू म्हणालीस. "आजारानं नाव सांगितलं आपलं. आता त्याच्याशी भांडता येतंय."

लग्नानंतर तू मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस ती त्या दिवशी. त्यानंतर आणखी एकदाच म्हणालीस. तेही सांगणार आहे.

मी त्या दिवशी आणखी एक केलं, जे तुला माहीत नव्हतं. तू आणि मनीषा औषधं आणायला गेलात तेव्हा मी परत आत गेलो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे पहिल्यांदा लक्षात आल्यावर आम्ही अकरा दिवस घालवले. ते घालवले नसते तर? त्यांनी फाईल मिटली. म्हणाल्या, लवकर आलेलं चांगलंच असतं. पण तुमच्या लेकीचं त्या अकरा दिवसांनी किती नेलं, की काहीच नेलं नाही, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पुढचं बघा.

मी पुढचं बघितलं. पण ते अकरा दिवस माझ्याजवळ राहिले. मी ते मनीषाला सांगितले नाहीत, तुलाही नाहीत. तू मात्र ते दिवस एकदाही माझ्या तोंडावर फेकले नाहीस. कितीतरी वेळा फेकता आले असते.

तू अंगणवाडी मदतनीस बाईच्या हवाली केलीस, रजा टाकलीस आणि आमच्या नवीन जालन्याच्या दोन खोल्यांत राहायला आलीस. अडीच महिने. स्टिरॉइडचं औषध होतं, मोठा डोस. ते सिरिंजनं मोजून द्यायचं, वेळ चुकवायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तीन-तीनदा सांगितलं होतं. मनीषाला मोजायची भीती वाटायची. तू सिरिंज उजेडात धरून रेघ बघायचीस.

आठ दिवसांत तन्वी ओळखू येईना. गाल सुजून डोळे बारीक झाले. सारखी भूक, सारखी चिडचिड. दिवसभर रडायची आणि तू तिला खांद्यावर घेऊन त्या दोन खोल्यांत फेऱ्या मारायचीस. रक्तदाब बघायला एक दिवसाआड दवाखान्यात न्यायचीस. औषधानं लेकराची ताकद कमी होते, साधी सर्दीही महागात पडेल असं सांगितलं होतं, म्हणून तू दारात चौकीच बसवलीस. माझे साहेब बायकोला घेऊन आले तर तू त्यांना उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाहीस. म्हणालीस, लेकरू बघायचं ते खिडकीतून बघा, चहा मी बाहेरच आणते. मला लाज वाटली होती. साहेब मात्र खिडकीशी उभे राहून चहा प्याले आणि आजही विचारतात, तुझ्या सासूबाई कशा आहेत? परवा मी त्यांना सांगितलं.

आणि तुझी ती दोनशे पानी वही. प्रत्येक दिवसाचं एक पान. झोपेतून उठल्यावर, दूध पिताना, संध्याकाळी. प्रत्येक झटक्याला एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. पहिल्या पानावर जागा पुरली नव्हती. मग रेघा विरळ होत गेल्या. बाराव्या दिवशी पान कोरं राहिलं. तेराव्याही दिवशी. मी ऑफिसातून येताना पेढे घेऊन आलो. तू पुडा बघितलास आणि फडताळात ठेवून दिलास.

"अजून न्हाई," तू म्हणालीस. "डोळ्याला दिसत न्हाई म्हणजे गेलं असं न्हाई. वायरी लावून बघू द्या त्यांना."

पुन्हा वायरी लावल्या. रेघा खाली बसल्या होत्या, एकीपाठोपाठ एक चालल्या होत्या. डॉक्टरीणबाई हसल्या. आणि घरी आल्यावर तू पहिल्यांदा बसलीस. म्हणजे तशी रोज बसायचीस, पण त्या दिवशी भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसलीस, आणि बसल्याबसल्या झोपलीस. पेढे खराब झाले होते. मी नवीन आणले.

नंतर औषध हळूहळू कमी केलं, मग बंद. झटके परत आले नाहीत. पण जे गेलं होतं ते सगळं परत आलं नाही. तन्वी सव्वा वर्षाची झाली तेव्हा बसली. तीन वर्षांची होऊन गेल्यावर चालली. आज सहा वर्षांची आहे आणि दहा-बारा शब्द बोलते. तिला गर्दी चालत नाही, पण पाण्याचा आवाज आवडतो, आणि हसते. खूप हसते. त्या हसण्याची किंमत तू आणि मी सोडून कुणाला कळणार नाही.

मामी, आता ते सांगतो जे सांगायला मी इतकं लांबण लावलंय.

तन्वी दोन वर्षांची असताना तू एकदा मला विचारलंस. मनीषा आत होती. तू शेंगा फोडत होतीस, हातातलं काम न थांबवता म्हणालीस, "नात्यात दिली म्हणून झालं का हे? मी दिली म्हणून?" मी दमून आलो होतो. म्हणालो, मला काय माहीत मामी, डॉक्टरला विचारा. तू परत विचारलं नाहीस. कुणालाच विचारलं नाहीस.

त्यानंतर वर्षभरानं डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक मोठी तपासणी करायला सांगितली. तिचा रिपोर्ट आला. त्यांनी मला समजावून सांगितलं, आजाराचं कारण सापडलेलं नाही. पुष्कळ लेकरांत सापडत नाही. पण नात्यातल्या लग्नामुळं हे झालं असं म्हणावं असं या रिपोर्टमध्ये काहीच नाही. तो रिपोर्ट मी फायलीत लावला. मनीषाला सांगितलं. तुला सांगितलं नाही.

इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की राहून गेलं. तू विसरली असशील असं वाटलं. खरं तसं नाही. खरं असंय की माझ्याजवळ माझे अकरा दिवस होते, आणि तुझ्याजवळ तुझी सोयरीक होती, आणि आपण दोघं गुन्हेगार आहोत म्हटल्यावर मला थोडं हलकं वाटायचं. तुला मोकळं केलं असतं तर मी एकटा उरलो असतो. एका वाक्याचं काम होतं. तीन वर्षं मी ते वाक्य तुझ्यापासून लपवलं. तू देवळात जाऊन काय मागायचीस ते मनीषानं मला परवा सांगितलं, आणि मी उठून बाहेर गेलो.

मामी, तुझ्या हातून काही झालेलं नाही. तू मला तुझी पोरगी दिलीस हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं झालं. हे तू जिवंत असताना म्हणायला पाहिजे होतं.

आपलं शेवटचं भांडण मात्र अजून भांडणच आहे. ते मी सोडलेलं नाही. तुझं म्हणणं, तन्वीला वर्ष-दोन वर्षं माझ्या अंगणवाडीत बसवा. वय बसत नसलं तरी मी बघते काय ते. चार लेकरांत राहिली तर चार गोष्टी उचलेल. माझं म्हणणं, तिला शिकवणाऱ्या बाई इथं जालन्यात आहेत, व्यायाम घेणारे इथं आहेत. गावात कोण आहे? गावात फक्त बघणारे आहेत. अंतरवाली सराटीच्या त्या नात्यातल्या लग्नात मी तिला आणलं नाही, तर तू पंगतीत ताटावर बसून विचारलंस, लेकरू कुठंय? मी म्हणालो, शेजाऱ्यांकडं ठेवलंय, तिला गर्दी सोसत नाही. तू ताट तसंच ठेवून उठलीस. पुढं फोनवर तू मला दुसऱ्यांदा 'तू' म्हणालीस.

"तू लेकराला जपून न्हाई राह्यला दत्तू. तू तिला लपवून राह्यला."

मी म्हणालो, मामी, पुरे. आणि फोन ठेवला. त्यानंतर पंधराव्या दिवशी अंगणवाडीत पोरांना वाढतावाढता तुझ्या छातीत कळ आली.

त्या दिवशी आम्ही तन्वीला घेऊन आलो. दुसरा इलाज नव्हता. चौदा दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात पाण्याच्या टाकीखाली बसली होती, आणि गल्लीतली पाच-सहा लेकरं येऊन तिच्याभोवती उभी राहिली. मी उठलो, त्यांना हाकलायला. त्यातली एक पोरगी म्हणाली, "तन्वी आली." जशी रोजच येते तशी. मी थांबलो. तुला कसं माहीत, मी विचारलं. ती म्हणाली, अंगणवाडीच्या ताईच्या फोनमधी हाय की ती, ल्हानपणापासूनची. मग ती सगळी तिच्या शेजारी बसली आणि टाकीच्या गळतीखाली हात धरून हसायला लागली. तन्वी उठून गेली नाही.

त्या दिवशी मला कळलं की तू काय करत होतीस. पोषण आहाराच्या बैठकीला येणाऱ्या प्रत्येक तान्ह्या लेकराच्या आईला तू तो व्हिडिओ दाखवत होतीस. माझ्या लेकीचे झटके. असं दिसलं तर दृष्ट काढा, थेंबही द्या, पण त्याच दिवशी माझ्याकडं या, असं सांगत होतीस. सहा वर्षं. मी तिला लग्नात आणत नव्हतो आणि इथं सगळ्या गावाला ती माहीत होती. मला न विचारता, मामी. मला राग आला. खोटं कशाला सांगू, अजून थोडा आहे. तू असतीस तर आपण यावरही भांडलो असतो, आणि मला वाटतं मी हरलो असतो.

काल मी उरलेलं सामान आवरायला परत गावी आलो होतो. सकाळी पूजा नावाची एक मुलगी दारात आली. कडेवर तीन महिन्यांचं लेकरू. ती तुझ्याकडं यायची, तुझी माहेरवाशीण असल्यासारखी. तिला कुणाला विचारावं कळत नव्हतं. तिनं फोन पुढं केला. लेकराचा हात झोपेत झटका देत होता, मग पाय, मग परत हात. मला काही कळलं नाही. मी तुझ्यासारखी लेकरं हाताळलेली नाहीत. पण तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी मामांना सांगितलं आणि मायलेकरांना गाडीत घालून जालन्याला नेलं. तिचा नवरा कामावर होता. त्याला फोनवर कळवलं तर तो नाराज झाला.

वाटेत पूजानं सांगितलं की तू अशा आठ-नऊ जणींना तरी डॉक्टरकडं धाडलंस. एकीच्याही लेकराला तसं काही निघालं नाही. कुणाचं खरंच पोट दुखत होतं, कुणाचं नुसतं दचकणं. गावातल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, ताईला जिथंतिथं झटकेच दिसतेत. मग तुम्ही जायचात का, मी विचारलं. ती म्हणाली, जायचोच. परत आलो की ताई लेकराच्या हातावर साखर ठेवायच्या, आईलाच चाटून घ्यायला लावायच्या. लई खूश व्हायच्या.

दवाखाना तोच होता, स्टेशनकडचा. काउंटरवरच्या सिस्टर नवीन होत्या. कागद भरताना त्यांनी विचारलं, तुम्ही बाळाचे कोण? मी आधी पूजाकडं बघितलं. मग मी म्हणालो, "मी कुंभार पिंपळगावच्या अंगणवाडीतल्या ताईंचा जावई." त्यांना काही बोध झाला नसेल. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

डॉक्टरांनी व्हिडिओ बघितला, लेकराला तपासलं, त्याच्यासमोर चावी हलवून बघितली. लेकरू चावीकडं बघून हसलं. डॉक्टर म्हणाले, हे फक्त झोपेत होतं, उठवलं की थांबतं, आणि लेकरू बघतंय, हसतंय. हे साधं आहे, आपोआप जाईल. जागेपणी व्हायला लागलं, एकामागून एक यायला लागलं किंवा हसणं कमी झालं तर लगेच या. मग त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी येतायेता तोच विचार करत होतो. तू आठ-नऊ वेळा चुकलीस आणि प्रत्येक वेळी साखर वाटलीस. बरोबर एकदाच ठरलीस, माझ्या घरी, आणि त्याचा आनंद तुला कधी झाला नाही.

गावात पोचलो तेव्हा पूजाचा नवरा चौकात उभा होता. कामावरून तसाच आला होता, कपड्यांना सिमेंट लागलेलं. त्यानं आधी लेकराकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय निघालं, विचारलं. काही न्हाई, पूजा म्हणाली. तो म्हणाला, मंग उगी दिवस घालवला ना.

मी गाडीतून उतरलो.

"न्हाई," मी म्हणालो. "हेच ऐकायला गेल्तो."